अनोळखी गिऱ्हाईक

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी दरवर्षी पंचवटीतल्या एका दुकानात जाऊन बसते. काळाराम मंदिराकडून रामकुंडाकडे उतरताना लागणाऱ्या अनेक दुकानांपैकी ते एक. तांब्याचे गडू, पितळी निरांजने, रुद्राक्षांच्या आणि तुळशीच्या माळा, कुंकवाच्या पुड्या आणि गंगेचे पाणी घरी नेण्यासाठी प्लास्टिकचे कॅन, असा सगळा माल छतापर्यंत रचलेला असतो. (गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो, बाहेरच्यांनी त्यावर वाद घालू नये.) दुकानाचा मालक माझा जुना विद्यार्थी आहे. चौरंगावर लक्ष्मीची तसबीर, तिच्यापुढे लाल कापडी बांधणीची नवी वही, आणि वहीच्या शेजारी कॉम्प्युटर. कळफलकात हळदकुंकू जाऊ नये म्हणून त्याच्यावर प्लास्टिकचा कागद घातलेला असतो. खरा हिशेब वर्षभर कॉम्प्युटरातच चालतो, वही कोरीच राहते. पण पूजा वहीची होते. पहिल्या पानावर ‘श्री’ काढायचा मान तो मला देतो. मी ‘श्री’ काढते, त्याखाली तो ‘शुभ लाभ’ लिहितो, मग आम्ही लाह्या-बत्तासे खातो.

‘शुभ लाभ’ हे दोन शब्द आपण इतक्या वेळा शेजारीशेजारी पाहिले आहेत, की त्यांचे लग्न लावताना कुणाला काही अडचण आली असेल असे आपल्या मनातही येत नाही. मला मात्र ते शब्द पाहिले की एक जुना प्रश्न आठवतो. तो याच विद्यार्थ्याने बारावीत असताना मला भर वर्गात विचारला होता, आणि त्याचे धड उत्तर मला तेव्हा देता आले नव्हते.

मी वाणिज्य शाखेची शिक्षिका. पंचवटीतल्या ज्या शाळेत माझी नोकरी झाली तिचे नाव सांगत नाही; तशा शाळा आपल्याकडे गावोगाव आहेत. खाली पाचवी ते दहावीचे वर्ग, आणि वरच्या मजल्यावर अकरावी-बारावी, म्हणजे सरकारी भाषेत कनिष्ठ महाविद्यालय. त्या वरच्या मजल्यावरच्या तीन खोल्या वाणिज्य शाखेच्या. पुस्तपालन व लेखाकर्म, वाणिज्य संघटन व व्यवस्थापन, चिटणिसाची कार्यपद्धती अशी भारदस्त नावांची पुस्तके घेऊन आम्ही तिथे व्यापार शिकवीत असू. जिने चढून येणारी निम्मी मुले अशी, की त्यांचे आजोबा न शिकता तो करीत आले होते.

शाळेत व्यापार शिकवावा ही कल्पना नवी नाही. १९५२-५३ साली मुदलियार आयोगाने बहुउद्देशीय शाळांची शिफारस केली आणि विद्यार्थ्यांनी निवडायचे विषयांचे सात गट सुचवले. त्यांत वाणिज्य हा एक होता. पुढे कोठारी आयोगाने १९६६ मध्ये ‘कार्यानुभव’ आणला. त्यातून पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी खडू आणि मेणबत्त्या केल्या. त्या कुणी विकत घेतल्याचे मला आठवत नाही. १९८८ नंतर किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम आले. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तर सहावीपासूनच मुलांची व्यवसायांशी ओळख करून द्यायला सांगितले आहे आणि त्यासाठी दहा दिवस दप्तराविना ठेवले आहेत. तरीही आमच्या शिक्षकांच्या खोलीत विज्ञान शाखा म्हणजे थोरली सून, आणि वाणिज्य म्हणजे घरात पैसे आणणारी पण पंक्तीला मागे बसणारी धाकटी, असाच हिशेब होता. मराठी मध्यमवर्गाच्या मनात दुकान ही गोष्ट अजून थोडी संकोचाची आहे. मुलगा बँकेत आहे हे आपण न विचारता सांगतो. मुलाचे दुकान आहे हे विचारल्यावर सांगतो.

अमेरिकेत या बाबतीत संकोच नाही. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात, जॉन ड्यूई यांचे नाव दिलेल्या एका सार्वजनिक हायस्कुलात, १९८२ साली शाळेच्या आतच अर्थव्यवहाराची एक छोटी शाळा काढली गेली. तशा अनेक मग देशभर निघाल्या. ड्यूई हे तत्त्वज्ञ. मुलांनी हाताने काम करून शिकावे असा त्यांचा आग्रह होता, पण शाळेने मुलांना केवळ मालकांच्या उपयोगाचे करून सोडावे याला त्यांचा कडवा विरोध होता. त्यांच्या नावाच्या शाळेत असा वर्ग निघाला हे त्यांना कसे वाटले असते, कोण जाणे. पण ड्यूई यांचा पंचवटीशी एक दुरून संबंध आहे, त्याकडे मी पुढे येणार आहे.

आधी माझ्या विषयाचे गुण गाते, कारण ते इतर कुणी गात नाही. पुस्तपालन रूक्ष आहे असे म्हणणाऱ्याने द्विनोंदी पद्धत कधी नीट पाहिलेलीच नाही. जे येते ते नावे, जे जाते ते जमा. कुठलीही गोष्ट एकटी घडत नाही. कुणाला काही मिळाले, तर कुठून तरी ते गेले, आणि दोन्हीकडे ते लिहिलेच पाहिजे. मुलांना सर्वांत जास्त गोंधळात टाकते ते भांडवलाचे खाते. मालकाने स्वतःचे पैसे दुकानात घातले, तरी ताळेबंदात ते देण्याच्या बाजूला! “बाई, दुकान मालकाचंच ना? मग ते त्याचं देणं कसं लागतं?” हा प्रश्न दरवर्षी येई. दुकान वेगळे आणि दुकानदार वेगळा. गल्ल्यातून स्वतःसाठी रुपया घेतलास तरी तो ‘उचल’ म्हणून लिहायचा, हे समजायला काही मुलांना महिना लागे, आणि काही मोठ्या माणसांना आयुष्य पुरत नाही. १४९४ साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली नावाच्या गणिती संन्याशाने ही पद्धत छापील पुस्तकात मांडली, तेव्हा वहीचा आरंभ देवाच्या नावाने करावा असे त्यानेही सांगितले होते. आपला ‘श्री’ काही एकटा नाही.

तर तो प्रश्न. बारावीला भागीदारीच्या हिशेबात ‘ख्याती’ येते. व्यापारी तिला गुडविल म्हणतात. दुकानाचे नाव चांगले असले, की गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा येते, आणि म्हणून त्या नावालाही पैशात किंमत असते. मागच्या काही वर्षांच्या सरासरी नफ्याला अमुक पटीने गुणले, की ती किंमत आली. मी उत्साहाने सांगत होते, की प्रामाणिकपणा हेसुद्धा भांडवल आहे. गिऱ्हाइकाला फसवले तर ते परत येणार नाही, ख्याती जाईल, नफा जाईल. मागच्या बाकावरून हा उठला. २०१२ सालची गोष्ट. तेव्हाही त्याचे वडील याच दुकानात बसत.

तो म्हणाला, “बाई, आमच्याकडचं गिऱ्हाईक तर असंही परत येत नाही. कुणी तेलंगणातून येतं, कुणी राजस्थानातून. अस्थी विसर्जन करतात, कॅन भरतात, जातात. जन्मात एकदा. मग आम्ही कशाला?”

वर्ग हसला. मीही हसले. मग मी कायद्याचे सांगितले: वजनमापांचा कायदा, छापील किंमत, ग्राहक मंच. तो खाली बसला, पण त्याच्या चेहऱ्यावर जे होते ते मला ओळखू आले. बाईंनी उत्तर दिलेले नाही, हे त्याला कळले होते.

त्या रात्री मला झोप लागली नाही असे म्हटले तर ते खोटे होईल, लागली. पण प्रश्न राहिला. साऱ्या पाठ्यपुस्तकाचा नीतीचा इमला एका खुंटीवर टांगलेला आहे, आणि ती खुंटी म्हणजे परत येणारे गिऱ्हाईक. तीर्थक्षेत्रात तीच खुंटी नाही. इथे रोज नवे हजारो लोक उतरतात. भाषा कळत नाही, भाव ठाऊक नसतो, मन दुःखाने किंवा भक्तीने भरलेले असते, आणि संध्याकाळच्या गाडीने जायचे असते. बारा वर्षांनी सिंहस्थ आला की हेच लाखांनी. अशा माणसाला शंभराची वस्तू दीडशेला दिली तर ख्यातीच्या खात्यात एक पैशाचाही फरक पडत नाही.

वर्गात सुचले नाही ते मला घरी सुचले. आमच्या क्षेत्रोपाध्यायांच्या जुन्या वह्या! यात्रेकरू येतो, गाव आणि आडनाव सांगतो, आणि उपाध्ये कपाटातून ती वही काढतात, जिच्यात त्याच्या पणजोबाने येऊन गेल्याची नोंद असते. म्हणजे यात्रेकरू परत येतो, फक्त नातवाच्या रूपाने. त्या वहीपुढे परका माणूस क्षणात घरचा होतो. लोकांना त्या पानावर हात फिरवून रडताना मी पाहिले आहे. दुसऱ्या दिवशी मोठ्या ऐटीत मी हे वर्गात सांगितले. तो म्हणाला, “म्हणजे बाई, तो घरचा झाला म्हणून ना? आणि ज्याची नोंद सापडत नाही, तो?”

अशा विद्यार्थ्यावर राग येतो, आणि असा विद्यार्थी वर्षातून एखादाच मिळतो.

दिवाळीच्या सुट्टीपूर्वी आमच्याकडे ‘आनंद बाजार’ भरे. गावोगावच्या शाळांत तो भरतो. मुले भेळ, सरबत, पेरू, भाजी घेऊन बसतात आणि बाकीची शाळा गिऱ्हाईक होते. आमच्याकडे वाणिज्य शाखेच्या मुलांनी नीट हिशेब ठेवायचा आणि सर्वांत जास्त निव्वळ नफा करणाऱ्या गटाला बक्षीस, असा नियम होता. नियम मी केला होता. त्या वर्षी याच मुलाच्या गटाची भेळ पहिली आली. निफाडकडच्या दोन मुलींच्या पेरूंना तिने सुमारे चाळीस रुपयांनी मागे टाकले. मुख्याध्यापकांच्या हस्ते बक्षीस दिले गेले, टाळ्या झाल्या. हिशेबाच्या वह्या मी त्यानंतर घरी आणून तपासल्या. आधी तपासायला हव्या होत्या, पण तो बाजाराचा दिवस होता आणि सगळ्यांना घाई होती.

वही देखणी होती. रोजकीर्द, खाती, तेरीज, सगळे पैशापर्यंत जुळलेले. भेळेच्या २१२ डिशा, प्रत्येकी ९ रुपये. मग एक ओळ: टॉफी खरेदी, १५० नग, ७५ रुपये. त्याखाली: टॉफी विक्री, १३० नग, १३० रुपये. उरलेल्या २० टॉफ्या ‘मालकांची उचल’ म्हणून लिहिलेल्या होत्या. त्या चौघांनी खाल्ल्या होत्या आणि नियमाप्रमाणे लिहिल्या होत्या. मला हसू आले. मग हसता हसता थांबले. भेळेच्या दुकानात टॉफी विकत कोण घेईल?

ते सुट्ट्या पैशांऐवजी दिलेले होते. नऊ रुपयांची डिश, मुलाने दहाची नोट द्यायची, “सुटे नाहीत रे” म्हणून हातावर एक टॉफी. आपण सगळ्यांनी त्या काळी वाण्याकडे अशा टॉफ्या घेतलेल्या आहेत. पण वहीत पुढे आणखी एक नोंद होती: देवळातून आणलेली एक रुपयाची नाणी, २००. दिवसअखेर शिल्लक, ११८. म्हणजे सुटे होते. ८२ गिऱ्हाइकांना रुपया परत मिळाला होता आणि १३० जणांना टॉफी. कुणाला काय? मला आठवले, मीही एक डिश घेतली होती, आणि त्याने मोठ्या अदबीने माझ्या हातावर रुपया ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी मी विचारले. त्याने लपवले नाही. शिक्षकांना, नववी-दहावीच्या मुलांना आणि ओळखीच्यांना नाणे. पाचवी-सहावीच्या पोरांना टॉफी. “ती खूश झाली बाई! एकानंही रुपया मागितला नाही.” आणि मग, “डिश दहा रुपयांना ठेवली असती, तर कुणी काही म्हणालं असतं का? मग आम्ही टॉफी जास्तच दिली ना?”

याला उत्तर द्यायला बसा, म्हणजे कळेल. वही खोटी नव्हती. लबाडी करणाऱ्याने नाण्यांची नोंद कशाला ठेवली असती? मीच शिकवले होते, की तेरीज जुळली म्हणजे हिशेबात चूक नाही असे नव्हे. यंत्राच्या दुरुस्तीचा खर्च यंत्राच्याच खात्याला लिहिला तरी तेरीज जुळतेच. तिला ‘तत्त्वाची चूक’ म्हणतात. इथे तत्त्वाची चूक होती, पण पाठ्यपुस्तकात तिचे उदाहरण नव्हते.

कांट या जर्मन तत्त्ववेत्त्याने १७८५ च्या एका ग्रंथात नेमका असाच दुकानदार उभा केला आहे. तो सगळ्यांना एकच भाव लावतो. लहान मूल आले तरी त्याच्याकडून जास्त घेत नाही. कांट विचारतो, हा प्रामाणिक आहे की हुशार? एकच भाव ठेवणे त्याच्या फायद्याचेच आहे. त्याच्या कृतीत खोट नाही, पण तेवढ्यावरून त्याच्या मनाबद्दल काही सांगता येत नाही. मी हे अनेकदा वाचले होते, पण कांटने लहान मूलच का निवडले हे मला त्या भेळेच्या वहीने सांगितले. ज्याला भाव कळत नाही, हिशेब येत नाही, जो भांडणार नाही आणि ज्याच्या रागाची भीती नाही, तो म्हणजे लहान मूल. आणि तोच म्हणजे यात्रेकरू. आमच्या शाळेतली पाचवीची पोरे ही त्या मुलाची रामकुंडावरची गिऱ्हाइकेच होती. फक्त उंचीने कमी.

त्या आठवड्यात पुस्तपालन बाजूला ठेवून मी वर्गाला ऱ्होड्सच्या धान्याची गोष्ट सांगितली. रोमन वक्ता सिसेरो याने ती इसवी सनापूर्वी ४४ मध्ये लिहिली. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडलेला. अलेक्झांड्रियाहून धान्य घेऊन एक भला व्यापारी पोचतो. मागून आणखी गलबते येत आहेत हे त्याने वाटेत पाहिलेले आहे. ते लोकांना सांगावे, की गप्प राहून चढा भाव घ्यावा? या प्रश्नावर तत्त्वज्ञांत दोन पक्ष पडले. गुरू डायोजेनीस म्हणाला, न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे. शिष्य अँटिपाटर म्हणाला, सांगितलेच पाहिजे. सिसेरो शिष्याच्या बाजूचा.

वर्गही दुभंगला. अडत्यांची मुले गुरूच्या बाजूला गेली. आमच्या पंचवटीत मार्केट यार्ड आहे, तिथली भाषा त्यांच्या तोंडात होती. “बातमी मिळवायलाही खर्च येतो, बाई.” हे खरेच आहे. मग पेरूवाल्यांपैकी एक मुलगी उठली. तिच्या घरचा कांदा लासलगावला जाई. ती म्हणाली, “तुमच्या गोष्टीत गलबतं व्यापाऱ्याला दिसली. आमच्याकडेही गलबतं व्यापाऱ्यालाच आधी दिसतात. निर्यात बंद होणार, भाव पडणार, हे ट्रॅक्टर बाजारात उभा राहिल्यावर आम्हाला कळतं. सांगायचं की नाही हा प्रश्न फक्त ज्याला ठाऊक असतं त्यालाच पडतो.” वर्ग गप्प झाला. या वाक्यावर मी वर्षानुवर्षे विचार करते आहे. नीतीचे प्रश्न आपण नेहमी विकणाऱ्याच्या खुर्चीत बसून सोडवतो, आणि माझी सगळी पुस्तके त्याच खुर्चीसाठी लिहिलेली होती.

आता ड्यूई यांच्याकडे येते. कोलंबिया विद्यापीठात डॉ. आंबेडकर त्यांचे विद्यार्थी होते. पुढे १९१८ ते १९२० या काळात डॉ. आंबेडकर मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात, म्हणजे वाणिज्याच्याच कॉलेजात, अर्थशास्त्र शिकवीत. दहा वर्षांनी, २ मार्च १९३० रोजी, त्यांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. माझ्या विद्यार्थ्याच्या दुकानापासून ते मंदिर चालत काही मिनिटांवर आहे. तो लढा काही वर्षे चालला, आणि दार उघडले नाही. देवळात जाणारा माणूस कोण, कुणाचा, आपला की परका, हे आधी विचारायचे आणि मग त्याला काय द्यायचे ते ठरवायचे, या रिवाजाविरुद्ध तो लढा होता. मला वाटते, आपल्याकडच्या चांगुलपणाचा फार मोठा भाग ‘आपला माणूस’ या दोन शब्दांवर उभा आहे. आपल्या माणसासाठी आपण रात्री-अपरात्री धावू, उधार देऊ, भाव कमी करू. हा चांगुलपणा खोटा नाही. पण त्याची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. कुणाच्या तरी नावे ते पडतेच. ओळखीच्याला नाणे मिळते तेव्हा टॉफी कुणाला जाते?

महाभारताच्या शांतिपर्वात जाजली नावाच्या तपस्व्याची कथा आहे. इतके तप, की त्याच्या जटांत पक्ष्यांनी घरटे केले, पिले उडून जाईपर्यंत हा हलला नाही. त्याला स्वतःचा अभिमान वाटला, तेव्हा त्याला ऐकू आले, की धर्मात तू वाराणसीच्या तुलाधाराची बरोबरी करू शकत नाहीस. जाजली शोधत गेला, तर तुलाधार वाणी, दुकानात बसून माल विकणारा. त्याचे म्हणणे एवढेच, की माझा तराजू सगळ्या भूतमात्रांना सारखा आहे. आमच्या पंचवटीला लागूनच तपोवन आहे. सिंहस्थात साधूंचे तंबू तिथे पडतात, आणि बाजार इकडे असतो. ही कथा मी तपोवनातून चालत येताना कितीदा तरी आठवली आहे. तुलाधार दयाळू होता असे कथा म्हणत नाही. भाव कमी करीत होता असेही म्हणत नाही. सारखा म्हणते. दया करायला समोरच्याचा चेहरा पाहावा लागतो. तराजूने चेहरा पाहायचा नसतो.

भेळेच्या रुपयांचे काय झाले, ते राहिले. परत द्यायचे, एवढे ठरले. तो म्हणाला, “बाई, नोंद कशी करायची? धनको कोण? नावं तर आपल्याकडे नाहीत.” आम्ही पाचवी-सहावीच्या वर्गांत गेलो आणि विचारले, कुणाकुणाला टॉफी मिळाली होती? टॉफ्या १३० होत्या; हात १९० वर झाले. भेळ न खाल्लेल्यांचेही. माझा विद्यार्थी माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, “यांना वाणिज्य शाखेत जागा ठेवा.” गटातल्या इतरांचे म्हणणे पडले की पुरावा मागावा. त्याने मात्र सगळ्यांना एकेक रुपया दिला. असे का केले, हे मी त्याला विचारले नाही.

आणि माझी चूक. बक्षीस परत घेतले गेले नाही. निव्वळ नफ्याने पाहिले तर ते पेरूवाल्या मुलींचे होते. मी मुख्याध्यापकांकडे गेले होते. ते म्हणाले, सुट्टी लागते आहे, कशाला वाढवता, पोरांचा खेळ आहे. मी वाढवले नाही. पुढच्या वर्षी नियम बदलला, नफ्याचे बक्षीस काढून टाकले, पण त्या मुलींना मी कधी काही सांगितले नाही. ‘बाजारात नीती शिकवा’ असे कुणी मला म्हणू लागले की मला ती गोष्ट आठवते.

गेल्या वर्षी लक्ष्मीपूजनाला मी नेहमीप्रमाणे दुकानात बसले होते. ‘श्री’ काढून झाला होता. दाराशी एक म्हातारे जोडपे आले, बोलण्यावरून दक्षिणेकडचे. बाईंनी तांब्याचा एक गडू उचलून हिंदीत भाव विचारला. तो म्हणाला, साडेतीनशे. त्यांनी घासाघीस केली नाही, पैसे मोजले आणि गेले. मला तसाच एक गडू भाचीला द्यायचा होता. मी घेतला आणि पिशवीतून पैसे काढू लागले.

“तीनशे द्या बाई,” तो म्हणाला. “खरं तर तुमच्याकडून घ्यायलाच नकोत.”

मी त्याच्याकडे पाहिले. त्याच्याही लक्षात आले असावे. तो थोडा लाल झाला. पण मग सरळ म्हणाला, “त्यांच्याकडून जास्त नाही घेतले. साडेतीनशेच भाव आहे, सगळ्यांना तोच. हे पन्नास माझ्या पदरचे आहेत. तेवढाही हक्क नाही का मला?”

मी साडेतीनशे काढून गल्ल्यावर ठेवले. त्याने ते घेतले. त्याचा चेहरा मात्र उतरला, आणि सणाच्या दिवशी लेकराला दुखावले असे मला वाटत राहिले. घरी गेल्यावर तासाभराने त्याच्या दुकानातला मुलगा फराळाचा डबा घेऊन आला. चकल्या काढल्या, तर तळाशी कागदात गुंडाळलेली पन्नासची नोट होती. ती अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. यंदा जाताना ती बरोबर न्यावी की नाही, हे माझे ठरलेले नाही.